बॉडी उचलली

वय वाढत जातं तशी आपल्याला तू म्हणणारी माणसं कमी होत जातात. दुकानात गिऱ्हाईक शेठ म्हणतं, गावात मामा नाहीतर काका म्हणतात. घरात मला तू म्हणणारी दोनच माणसं उरली होती, थोरले भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी. वहिनी या घरात आल्या तेव्हा मी सातवीत होतो. आई सारखी आजारी असायची, त्यामुळं शाळेला जाताना भाकरी बांधून द्यायचं काम त्यांच्याकडं आलं, आणि माझ्या मांडीला गळू झालं तेव्हा पोटीसही त्यांनीच बांधलं. दीर वयानं लहान असला तरी त्याला भावजी म्हणायची आमच्याकडं रीत आहे. वहिनींनी मला ते कधी म्हटलं नाही. बाळ म्हणायच्या. माझं लग्न झाल्यावर, बायकोसमोर बाळ कसं म्हणायचं म्हणून, नुसतं 'अरे' म्हणू लागल्या. हे आधी सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात गाडीचं काहीच नुकसान झालं नाही.

गाडी सात माणसांची, डिझेलवरची, चेसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बॉडी बसवलेली. लोहाऱ्यात माझं पाइपचं आणि ठिबकचं दुकान आहे आणि घर जवळच्या गावात. आमच्या शेताच्या वाटेवर ट्रॅक्टरनं दोन चाकोऱ्या पाडल्यात आणि मधे मातीचा वरंबा उरलाय. पाऊस सरला की तो वाळून दगडासारखा होतो आणि गाडीच्या पोटाला घासतो. गाडी उंच करून घ्यायची आहे, असं मी घरात सांगितलं ते हे कारण देऊन.

उंच करायच्या दोन तऱ्हा असतात. एक, स्प्रिंगा बदलून चेसीसकट अख्खी गाडी वर घ्यायची. दुसरी, चेसी जिथल्या तिथं ठेवून तिच्यावरची बॉडी तेवढी सोडवायची, दोन्हींच्या मधे ठोकळे ठेवायचे आणि लांब बोल्ट घालून पुन्हा आवळायची. पहिल्या तऱ्हेत गाडी कडक होते, खड्ड्यात आदळते. दुसरीत आत बसणाऱ्याला फरक कळत नाही. या दुसरीचं सामान बॉडी लिफ्ट किट म्हणून मिळतं. मी बरेच दिवस व्हिडिओ बघत होतो. ठोकळे तीन इंचाचे घ्यायचे की दोन, हा मोठा प्रश्न होता. तीन घेतले तर स्टेअरिंगचा दांडा जोड देऊन लांबवावा लागतो, बंपर आणि बॉडी यांच्यात फट दिसते आणि रेडिएटरचा पंखा कव्हरला लागायची भीती असते. दोन ठरवले. काही गॅरेजवाले लोखंडी पाइपचे तुकडे कापून मधे घालतात, ते मला पटत नव्हतं. भरीव नायलॉनचे, लेथवर काढलेले ठोकळे मागवले आणि आल्यावर दुकानात एकेक मोजून घेतला. एक ठोकळा सूतभर कमी भरला. तो परत पाठवून दुसरा आणवला.

आता खरी गोष्ट. वाटेवरच्या वरंब्याला घासतो तो मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा. तो चेसीच्याही खाली असतो. बॉडी दोन इंच उचला नाहीतर दोन फूट उचला, तो गोळा जमिनीपासून होता तेवढाच राहतो. टायर मोठे घातले तर थोडासा वर येतो, बास. टेप घेऊन गाडीखाली आडवा पडून मी हे स्वतः मोजलं होतं. म्हणजे ज्या कारणासाठी गाडी उंच करतोय असं मी सांगत होतो, ते कारण या कामानं मिटणार नव्हतं आणि ते मला माहीत होतं. असला बदल करायला आरटीओची परवानगी लागते, हेही माहीत होतं. विचारायला गेलो नाही, कारण उत्तर काय येणार ते ठाऊक होतं.

माझे साडू आपली उंच केलेली गाडी घेऊन एका लग्नाला आले होते. माणसं नवरदेवाला सोडून तिच्याभोवती उभी होती. शेजारी माझी गाडी बसकण मारल्यासारखी दिसत होती. एवढंच कारण.

बायकोनं एकदाच विचारलं, "वाटंवरचा वरंबा कुदळीनं काढला तर चालायचं न्हाय का?" मी तिला कामाचं काही कळत नाही, असं म्हणालो.

त्याच सुमारास दादांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. दवाखाना उमरग्याला, आणि ज्या गॅरेजमधे मी काम द्यायचं ठरवलं होतं तेही उमरग्यालाच, हायवेला लागून. पुतण्या पुण्यात नोकरीला. वहिनींचे गुडघे गेलेले, त्यांना दवाखान्याच्या बाकड्यावर दिवसभर बसवत नाही. तेव्हा दादांबरोबर मीच जायचं हे न बोलता ठरलेलं होतं. मी मात्र एका खेपेत दोन कामं बसवली. गॅरेजवाल्याला ऑपरेशनचाच दिवस दिला. हे फक्त बायकोला सांगितलं. ती म्हणाली, दवाखान्यात कोण बसायचं? मी म्हणालो, ऑपरेशन झालेला माणूस झोपूनच असतो, त्याच्याकडं बघत बसून काय होतंय.

सकाळी वहिनी फाटकापर्यंत आल्या. दादांच्या खिशात अंगारा घातला आणि मला म्हणाल्या, "ह्यांच्याजवळनं हलू नको रे. झालं की मला कळव." वहिनींकडं वेगळा फोन नाही, दादांचा तोच दोघांचा. तो दादांबरोबर होता आणि दवाखान्यात गेल्यावर तो माझ्या पिशवीत आला, बंद करून.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर बाहेर येऊन तसं म्हणाले. दादांना खाटेवर आणलं तेव्हा ते अर्धवट गुंगीत होते. पाणी मागत होते, ते द्यायचं नव्हतं, म्हणून मी कापूस ओला करून ओठांवर फिरवला. मग शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईला जरा लक्ष ठेवा म्हणालो, दादांच्या कानात औषधं घेऊन येतो म्हणालो आणि निघालो. घरी फोन केला नाही. संध्याकाळी डबा न्यायला जायचंच होतं, तेव्हा समोरच सांगू, असा विचार केला. शिवाय ऑपरेशन चालू असताना बाहेर बसून मी पुन्हा तेच ठोकळ्यांचे व्हिडिओ बघितले होते आणि फोनची बॅटरी संपत आली होती. उरलेली गॅरेजसाठी राखून ठेवली.

काम वाटलं त्यापेक्षा लांबलं. सीटा काढल्या, खालचे मॅट उचलले, बोल्ट सोडायला घेतले तर दोन गंजून बसलेले. त्यातला एक तापवून तोडावा लागला. मग एका बाजूनं जॅक लावून, मधे फळी घालून, बॉडी हळूहळू चेसीपासून सोडवली. दुपार कलली तेव्हा ती एकदाची वर आली, आणि ठोकळ्यांच्या भोकांवर बरोबर आणायला चार माणसांनी चारी कोपरे धरून ती सरकवली. मी वाकून बघत होतो. तेवढ्यात माझा फोन वाजला. बायकोचा नंबर. शेजारी ग्राइंडर चालू होतं.

"झालं का?" तिकडून विचारलं.

"झालं," मी म्हणालो. "आत्ताच बॉडी उचलली. चार माणसं लागली."

तिकडून काही आलं नाही. ऐकू गेलं नसेल म्हणून मी आवाज चढवला.

"आता बांधाबांध तेवढी राहिलीय. दिवस मावळायच्या आत घरी घेऊन येतो. आणि वहिनींना एवढ्यात काही सांगू नको."

फोन बंद पडला. बॅटरी संपली होती. मी तो खिशात टाकला आणि पाना आवळणाऱ्याला म्हणालो, सगळे बोल्ट सारखे आवळा, एक घट्ट आणि एक सैल नको.

फोनवर बायको नव्हती, वहिनी होत्या. बायको फोन चार्जिंगला लावून गिरणीवर दळण घेऊन गेली होती. सकाळपासून निरोपाची वाट बघून वहिनींनी शेवटी तिचा फोन घेतला होता आणि वरचाच माझा नंबर दाबला होता. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी टायर बदलून मोठे घालून घेत होतो.

काम संपल्यावर गॅरेजवाल्यानं नारळ आणायला सांगितलं. गाडीचं मोठं काम झालं की नारळ फोडायचा, हार घालायचा, हे आमच्याकडं कुणी टाळत नाही. मी झेंडूचा जाड हार घेतला. तो बॉनेटवर बांधला, काचेवर कुंकवाची बोटं ओढली. जुने चार टायर मागं टाकले. दवाखान्याच्या दारावरून गेलो तेव्हा आत जाऊन दादांना बघून यावं, असं मनात आलं. पण गाडी लावायला जागा नव्हती आणि नवे टायर दुसऱ्या कुणाच्या गाडीला घासतील असं वाटलं. डबा घेऊन लगेच परत येऊ, असं म्हणून पुढं गेलो. रस्त्याला लागल्यावर सीटवरून तुरीच्या पलीकडची वस्ती दिसत होती. आधी ती दिसायची नाही. मला बरं वाटत होतं. हे लिहितानाही हात अडतो, पण मला त्या रस्त्यावर फार बरं वाटत होतं.

आमच्या गल्लीत वळलो तर घरापुढं माणसं. ओट्यावर, लिंबाखाली, फाटकाच्या दोन्ही बाजूंना. मला वाटलं, बायकोनं गाडीचं सांगितलं असणार आणि बघायला आलेत. मी हॉर्न वाजवला.

कुणी हललं नाही. मग पुरुष माणसं बाजूला होऊन वाट देऊ लागली. चुलते टोपी हातात घेऊन पुढं आले आणि त्यांनी खिडकीतून माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "मागं ठिवलंय का?" मला वाटलं टायरांबद्दल विचारतात. व्हय म्हणालो. दोघातिघांनी जाऊन मागचं दार उघडलं. आत चार जुने टायर होते.

त्यानंतर मी एकेक गोष्ट बघत गेलो. भिंतीला टेकून ठेवलेले दोन हिरवे बांबू. ओट्याखाली पेटवून ठेवलेल्या गोवऱ्या. आतून बायकांचा आवाज येत होता, तो एकदम थांबला. बायको माणसांतून वाट काढत आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "दादा बरं हायेत न्हवं?" मी म्हणालो, बरे आहेत, झोपलेत. तिनं मागं वळून तेच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

ती गिरणीवरून आली तेव्हा वहिनी उंबऱ्यात बसून होत्या आणि शेजारणी जमल्या होत्या. काय ऐकलं ते वहिनींनी तिला शब्दाला शब्द सांगितलं. माझ्या बायकोला लगेच शंका आली. तिनं मला फोन लावला, तो बंद. दादांचा लावला, तोही बंद. मग तिनं धीर करून सगळ्यांसमोर सांगितलं, की ते आज गाडीची बॉडी उचलायला टाकणार होते, ती गाडीची बॉडी असंल. कुणाला ते पटलं नाही. चुलते म्हणाले, पोरगी घाबरून काहीबाही बोलाय लागली. आणि वहिनी म्हणाल्या, "आज ऑपरेशन, आन् त्यो भावाला टाकून गाडीचं काम करत बसंल? असा न्हाय त्यो. माझ्या हातात वाढलाय."

हे बायकोनं मला नंतर सांगितलं. वहिनींनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन तास ते घर दुःखात बसलं होतं, आणि त्यातून सुटायचा रस्ता बायकोनं दाखवला होता. वहिनींनी तो घेतला नाही, कारण तो घ्यायचा तर माझ्याबद्दल वाईट मानावं लागत होतं.

वहिनी बाहेर आल्या. शेजारणीनं दंड धरला होता, तो त्यांनी सोडवला. गाडीकडं बघितलं, हाराकडं बघितलं, उघड्या दारातून टायर बघितले. मी वहिनी म्हणालो. त्या रडत नव्हत्या. त्यांनी एकच विचारलं.

"ह्यांच्याजवळ कोण हाय आत्ता?"

मी म्हणालो, शेजारच्या खाटेवरची बाई आहे. त्या बाईचं नाव काय, गाव कुठलं, हे मला माहीत नव्हतं.

"चल. मला न्ये."

चुलत्यांनी बॉनेटवरचा हार ओढून तोडला आणि लिंबाच्या बुडाशी टाकला. मी मागचं दार उघडून धरलं. वहिनी याच गाडीत नेहमी बसायच्या. एक हात दाराला, एक पाय पायदानावर, गुडघा जरा कुरकुरायचा आणि बसायच्या. पायदान बॉडीबरोबर वर गेलं होतं. त्यांनी पाय उचलला, तो पोचला नाही. दुसऱ्यांदा उचलला, गुडघ्यातून कळ आली आणि त्या दाराला धरून थांबल्या. अख्खी गल्ली बघत होती. मी एका बाजूनं आणि शेजारचा एकजण दुसऱ्या बाजूनं पुढं झालो, की धरून वर घेऊ.

"नगं," त्या म्हणाल्या. "मला उचलू नका. आज लई उचलाउचल झाली."

बायकोनं आतून जेवायचा पाट आणला आणि खाली ठेवला. त्यावर उभं राहून त्या कुणाचा हात न धरता चढल्या. पाट साधारण दोन इंच उंच असतो.

वाटेत मी एकदा माफी मागायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, समोर बघून चालव. उमरगा येईपर्यंत मागं टायर एकमेकांना घासत होते तेवढाच आवाज.

दादा जागे होते. शेजारच्या बाईनं डॉक्टरांना विचारून त्यांना दोन घोट चहा पाजला होता, उशी सरळ केली होती, सलाइन संपल्यावर सिस्टरला हाक मारली होती. तिनं हे मला तक्रार म्हणून नाही, निरोप म्हणून सांगितलं. वहिनी पायथ्याशी बसल्या आणि पांघरुणावरून त्यांनी दादांची दोन्ही पावलं हातात धरली. धरूनच ठेवली. दादांना त्याचं नवल वाटलं.

"तू कशाला आलीस गुडघं घिऊन?" ते म्हणाले, आणि मग माझ्याकडं बघून, "आन् हा कुठं होता? औषध आणाय हैदराबादला गेलता काय?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी बोलल्या.

"मला आणायला आले होते भावजी."

दादांनी डबा विचारला. सकाळी केलेला मऊ भात आणि वरण वहिनींनी फडक्यात बांधून ठेवलं होतं. घरात माणूस गेल्याची बातमी आली म्हणताना शेजारणीनं शिजलेलं सगळं अन्न बाहेर नेऊन टाकलं होतं. वहिनी म्हणाल्या, डबा सांडला. दादांनी पुढं विचारलं नाही. मला मात्र भावजी हा शब्द ऐकू आला होता. त्यांनी मला दादांपुढं वाचवलं आणि त्याच वाक्यात बाजूला ठेवलं.

दादांना खरं कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. बाप गेल्याचं ऐकून पुतण्या पुण्याहून निघाला होता. वाटेत त्याला बाप बरा आहे, असं फोनवर सांगितलं तरी त्याचा विश्वास बसला नाही आणि तो तसाच आला. डोळे सुजलेले. त्यानं दादांच्या तोंडावरून हात फिरवला, मग माझ्याकडं न बघता बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. सगळं ऐकून दादा टाके धरून हसले. आता ते पारावर ही गोष्ट रंगवून सांगतात. "मला उचलायला चारच माणसं पुरली म्हणतोय, म्या काय एवढा हलका हाय व्हय?" असं म्हणतात. माणसं हसतात. मीही तिथं असलो तर हसतो. वहिनी अशा वेळी आत जातात.

दादा घरी आल्यावर मी पुन्हा त्याच गॅरेजमधे गेलो आणि ठोकळे काढून गाडी पहिल्यासारखी करून घेतली. जुने टायरही परत घातले. गॅरेजवाल्यानं कारण विचारलं तेव्हा आरटीओचं नाव सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण कारण ते नव्हतं. शेतवाटेवरचा वरंबा मी आणि बायकोनं कुदळीनं काढला. सकाळचं ऊन तापायच्या आत काम झालं. गाडी आता कुठंच घासत नाही.

त्या दोन तासांत वहिनींनी तुळजापूरच्या देवीला ओटी बोलली होती. ऐकलं ते खोटं ठरू दे म्हणून. दादा हिंडू-फिरू लागल्यावर ती द्यायला आम्ही चौघं निघालो. सकाळी मी फाटकाशी गाडी लावली, मागचं दार उघडलं. बायकोच्या हातात पाट होता. पायदान जमिनीपासून किती, ते मी आदल्या दिवशी टेपनं बघून ठेवलं होतं. म्हणालो, "वहिनी, आता पाट लागत नाही. पहिल्याइतकीच केलीय."

वहिनींनी पायदानाकडं बघितलं. एक हात दाराला लावला, पाय ठेवला, गुडघा कुरकुरला आणि त्या चढून बसल्या. ओटीची पिशवी मांडीवर घेतली, पदर सारखा केला.

"दार लावून घ्या, भावजी," त्या म्हणाल्या.